थरथरणारे तबक : कंपवात झालेले एक पाळक आणि त्यांची मंडळी

या प्रकरणाविषयी

हे प्रकरण अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी असलेल्या प्रॉटेस्टंट मंडळीत सुमारे पाच वर्षांच्या काळात घडले. पाळक, त्यांच्या पत्नी आणि मंडळीचे त्या वेळचे सेक्रेटरी या तिघांनी लेखनाला संमती दिली आहे आणि मसुदा वाचून दोन ठिकाणी दुरुस्त्याही केल्या आहेत. ओळख पटू नये म्हणून कुटुंबांची संख्या, नातीगोती आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी पाळकीय समुपदेशनाचे काम करतो आणि या प्रकरणात तिसऱ्या वर्षी सल्लागार म्हणून शिरलो. माझा एक सल्ला चुकला. तो कुठे आणि कसा चुकला हेही पुढे येईलच.

पार्श्वभूमी

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या झपाट्याने वाढल्या. ही मंडळीही त्याच पिढीतली. जुने दगडी चर्च, शेजारी मिशनच्या वेळची शाळा, मागे पाळकांचे घर, आणि साधारण ऐंशी कुटुंबे: शिक्षक, परिचारिका, एस.टी.तले आणि साखर कारखान्यातले कामगार, थोडीफार शेती असलेले काहीजण, आणि पुण्या-पिंपरीला नोकरी करून नाताळला घरी येणारी तरुण मुले.

पाळकसाहेब इथे आले तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. त्यांची ख्याती होती ती कीर्तनकार म्हणून. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी आहे; साक्या, दिंड्या, अभंग यांच्या चालींवर शुभवर्तमानातील आख्यान लावणारे कीर्तनकार मोजकेच उरले असले, तरी त्यांना अजूनही हरिभक्त शेजाऱ्यांसकट सारे गाव ऐकायला येते. साहेबांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत असे आणि हातातल्या चिपळ्या कधी चुकत नसत. त्यांच्या आवडत्या आख्यानांपैकी एक प्रेषित पौलाच्या ‘शरीरातील काट्या’चे होते, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. पौलाने तो काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली आणि उत्तर आले ते काटा काढण्याचे नव्हते: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायातले हे वाक्य मराठी ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर फार आढळते. पाळकांच्या बैठकीच्या खोलीतही ते चौकटीत लावलेले होते. लग्नातला आहेर होता तो.

प्रश्न कसा उभा राहिला

आता मागे वळून पाहताना पहिली खूण चिपळ्यांची होती असे बाई सांगतात. (पाळकांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि सारी मंडळी त्यांना बाई म्हणते.) उजव्या हाताचा ठेका किंचित मागे पडू लागला होता. त्याच सुमारास एकदा चुलीवरचे दूध करपून सगळे घर वासाने भरले, तरी शेजारच्या खोलीत बसलेल्या साहेबांना त्याचा पत्ता नव्हता. दुसरी खूण लेखी होती आणि ती कोणी पाहिलीच नाही. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये त्यांचे अक्षर वर्षागणिक बारीक होत गेले होते. ओळ सुरू होताना नावे नीट वाचता येत, ओळ संपेपर्यंत मुंग्यांची रांग होई.

मंडळीला जे दिसले ते वेगळेच होते. साहेबांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले, घरभेटी कमी झाल्या, उपदेश करताना ते एका जागी खिळल्यासारखे उभे राहू लागले आणि आवाज खाली गेला. तरुण संघाच्या मुलांना वाटले साहेब आपल्यावर रागावले आहेत. सेक्रेटरींना वाटले त्यांचे मन उडाले आहे आणि ते बदलीच्या खटपटीत आहेत. सर्वांत विचित्र गोष्ट अशी की स्वतः साहेबांना आपला आवाज नेहमीइतकाच मोठा वाटत होता आणि लोकच लक्ष देईनासे झाले आहेत अशी त्यांची समजूत होती.

बाईंच्या आग्रहाने ते पुण्याला मज्जाविकारतज्ज्ञांकडे गेले आणि निदान झाले: कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या वैद्याने १८१७ साली त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. मेंदूच्या एका लहानशा भागात डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात, आणि लक्षणे दिसू लागतात तोवर त्यांतल्या पुष्कळ गेलेल्या असतात. हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो, अक्षर आणि आवाज दोन्ही लहान होतात आणि माणसाला स्वतःचा आवाज लहान झाल्याचे कळत नाही. हाताचा कंप सर्वांना ठाऊक असतो. बाकीच्या गोष्टी लोक स्वभावाच्या खात्यावर टाकतात. लेव्होडोपाच्या गोळ्यांनी त्रास बराच कमी होतो, पण रोग पुढे सरकणे थांबत नाही. हे सारे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले.

पहिला निर्णय : कोणालाही सांगायचे नाही

परतीच्या प्रवासात, एस.टी.तच, दोघांनी ठरवले की ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही. कारणे खरी होती आणि ती हलकी लेखू नयेत. राहते घर मंडळीचे होते. काम गेले की घरही जाणार. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होती. निवृत्तीला अजून बराच अवकाश होता. शिवाय दीर्घ दुखण्यामागे कोणाचे तरी पाप शोधणारी माणसे प्रत्येक मंडळीत असतात, बायबलमधल्या दुःखी ईयोबाला दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांपासून ती चालत आली आहेत.

पण निर्णयाला शेवटचा खिळा ठोकला तो भिंतीवरच्या वचनाने. साहेब मला नंतर म्हणाले, “पौलाला प्रभूने ‘पुरे’ म्हटले आणि पौल गप्प बसला. मी कोण तक्रार करणारा?”

इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ या एका शब्दात आहे. मराठीत ‘पुरे’चे दोन अर्थ आहेत. आजी ताटात वाढते आणि आपण हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणतो, तेव्हा त्यात तृप्ती असते. पोराची किरकिर वाढली की बाप ‘पुरे!’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘तोंड बंद कर’ असा असतो. वचनात पहिला अर्थ आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचाही अर्थ पुरेसे असणे, भागणे असाच आहे. साहेबांनी मात्र, वीस वर्षे त्या वचनावर कीर्तन करूनही, स्वतःवर वेळ आली तेव्हा दुसरा अर्थ ऐकला. आणि पौल गप्प बसला हेही खरे नाही. आपण तीनदा मागितले, मिळाले नाही आणि उत्तर काय आले, हे त्याने ज्या पत्रात लिहिले ते मंडळीपुढे मोठ्याने वाचले जाणारे पत्र होते. ती कृपा आज आपल्याला ठाऊक आहे ती त्याने स्वतःचा अशक्तपणा उघड केला म्हणूनच.

लपवालपवी दीड वर्ष चालली. हात झग्याच्या आत ठेवायचा, सह्या घरी निवांत करायच्या, कीर्तनाचे आमंत्रण आले की घसा बसल्याचे सांगायचे. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा विधी, मात्र टाळता येत नव्हता. कंपवाताचा कंप हात स्वस्थ असताना जास्त असतो आणि हालचाल सुरू केली की बहुधा थांबतो. पण एखादी वस्तू काही क्षण स्थिर धरून ठेवली की तो परत येतो. द्राक्षरसाच्या काचेच्या लहान पेल्यांचे तबक धरून वेदीपाशी उभे राहणे म्हणजे नेमकी तीच स्थिती. एका पहिल्या रविवारी, सारे चर्च डोळे मिटून शांत असताना, तबकातले पेले एकमेकांवर किणकिणू लागले आणि ते बराच वेळ थांबले नाहीत.

सगळ्यांनी ऐकले आणि कोणीही विचारले नाही. पंधरा दिवसांत गावात बोलले जाऊ लागले, की साहेब ‘घेतात’.

माझा चुकलेला सल्ला

बाईंनी मला फोन केला तो या अफवेनंतर. मी दोघांना भेटलो. मंडळीला सांगायला हवे यावर आमचे एकमत झाले. पण नाताळ दीड महिन्यावर आला होता, पुण्या-मुंबईची कुटुंबे येणार होती, घाई नको, जानेवारीत नीट बैठक घेऊन सांगा, असे मी सुचवले. सल्ला शहाणपणाचा वाटला. प्रत्यक्षात मी त्या माणसाला आणखी दीड महिना एकट्याने ओझे वाहायला लावले, आणि तेही वर्षातल्या सर्वांत जास्त कामाच्या काळात. शिवाय या आजारात खिन्नता केवळ परिस्थितीमुळे येत नाही, मेंदूतल्या बदलांचाही तिच्यात वाटा असतो, हे मला तेव्हा पुरेसे ठाऊक नव्हते. ते रात्र रात्र जागत होते आणि मी त्याला काळजी समजत होतो.

तीन रात्रींच्या सभा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या शहरात तीन रात्रींच्या आरोग्यदानाच्या सभा भरल्या. साहेब कोणालाही न सांगता दोन रात्री जाऊन आले. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. त्या रात्री अंग हलके वाटले, असे ते आजही प्रांजळपणे सांगतात आणि मी ते नाकारत नाही. व्यासपीठावरून सांगितले गेले, की ज्याचा विश्वास खरा आहे त्याने औषधाची कुबडी टाकून द्यावी. साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या.

लेव्होडोपा असे तडकाफडकी बंद केले तर अंग लाकडासारखे ताठरू शकते, ताप चढतो, शुद्ध हरपू लागते आणि जीवही जाऊ शकतो. पाचव्या दिवशी पहाटे बाईंना ते पलंगावर कुशीवरही वळू शकत नाहीत असे दिसले. अंगात एकशे तीनच्या वर ताप होता. सेक्रेटरींनी आपली गाडी काढली. अकरा दिवस रुग्णालयात गेले, त्यांतले चार अतिदक्षता विभागात. सेक्रेटरींना खरा आजार कळला तो तिथे, गोळ्यांच्या चिठ्ठीवरून. अफवा पसरवणाऱ्यांत तेही होते, आणि त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून त्यांनी बाईंची क्षमा मागितली.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण मसुदा वाचणाऱ्या एकाने ‘तुम्ही प्रार्थनेच्या विरोधात आहात का?’ असे विचारले. नाही. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय दुखणाइताने मंडळीच्या वडीलजनांना, म्हणजे ज्येष्ठ कारभाऱ्यांना, बोलावून तेलाने अभ्यंग आणि प्रार्थना करून घ्यावी, असेच सांगतो. पण तिथे बोलावणे दुखणाइताने पाठवायचे असते, म्हणजे आधी त्याने सांगायचे असते, आणि येणारे वडीलजन ओळखीचे, उद्याही सोबत असणारे असतात. उलट आपला तरुण सहकारी तीमथ्य याला वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे असे लिहिणारा पौल आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारीच सोडून पुढे गेला, हेही तीमथ्यालाच लिहिलेल्या पत्रांत नोंदलेले आहे. प्रेषिताचा सहकारी बरा झाला नाही, तरी त्याच्या विश्वासावर पौलाने बोट ठेवले नाही.

समोर असलेले पर्याय

साहेब घरी आल्यावर आठवड्याभराने त्यांच्या बैठकीच्या खोलीत सहा जण बसले: साहेब, बाई, सेक्रेटरी, महिला संघाच्या वतीने एक ज्येष्ठ आजी, तरुण संघाचा अध्यक्ष आणि मी.

पहिला पर्याय वैद्यकीय कारणाने निवृत्ती घेण्याचा होता आणि साहेबांचा कल तिकडेच होता. “ज्याला पेला धरता येत नाही त्याने वेदीपाशी उभे राहू नये,” असे ते म्हणाले. दुसरा पर्याय धर्मप्रांताला विनंती करून कार्यालयीन कामावर बदली घेण्याचा. तो लवकर बाजूला पडला, कारण कागदपत्रांचे काम बारीक अक्षराच्या माणसाला देणे म्हणजे चेष्टाच. तिसरा पर्याय सेक्रेटरींनी काळजीपोटी मांडला: ‘अशक्तपणा आला होता’ एवढेच मंडळीला सांगावे आणि काम हलके करावे. चौथा, सगळे सांगून काम वाटून घेण्याचा.

चर्चा तीन तास चालली. तरुण अध्यक्षाने पंडिता रमाबाईंचे उदाहरण दिले. १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या, कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण त्यांना घेता आले नाही, आणि त्याच रमाबाईंनी पुढे केडगावचे मुक्ती मिशन उभे केले. उदाहरण खरे आहे, आणि ऐकताना साहेबांचा चेहरा आणखी पडला. मला तेव्हा जाणवले ते असे, की मोठ्यांची उदाहरणे दुखणाइतावर नवे कर्ज चढवू शकतात. दुर्बलतेतून एखादी संस्था उभी राहिली तरच कृपा खरी, असा हिशेब त्यातून नकळत मांडला जातो. साहेबांकडून मुक्ती मिशन उभे राहणार नव्हते. त्यांना उद्या सकाळी सदऱ्याची बटणे लावता येतील की नाही हा प्रश्न होता.

चर्चा वळली ती आजींमुळे. आजी चौथी शिकलेल्या, पण बायबलमधले निर्गमाचे पुस्तक त्यांना तोंडपाठ असावे असे वाटते. त्या म्हणाल्या, “साहेब, रफीदीमला मोशेचे हात जड झाले तेव्हा त्याला कोणी घरी पाठवला का? धोंडा आणला, त्यावर बसवला, आणि अहरोन नि हूर दोन्ही बाजूंनी हात धरून उभे राहिले. सूर्य मावळेपर्यंत. आम्ही काय मेलो आहोत का?”

त्यानंतर प्रश्न उरला किती सांगायचे याचा. इथे बाईंचा विचार मला सर्वांत सूक्ष्म वाटला. पौलाने आपला काटा मंडळीला सांगितला, पण तो नेमका कोणता हे सांगितले नाही. डोळ्यांचे दुखणे, हिवताप, अपस्मार, विरोधकांचा छळ असे तर्क लोक अठरा-एकोणीस शतके करत आहेत. म्हणजे दुर्बलता उघड करणे आणि आपले सगळे अंगण चव्हाट्यावर मांडणे यांत फरक आहे. आजाराचे नाव सांगावे, कारण दारूच्या अफवेला दुसरे उत्तर नाही; चेहरा, आवाज आणि हात यांना काय होते ते सांगावे, कारण लोकांना त्याच्याशी रोज गाठ आहे; खिन्नता, झोप, घरातल्या अडचणी यांबद्दल बोलायचे की नाही हे साहेबांनी स्वतः, पुढे, वाटेल तेव्हा ठरवावे. सगळ्यांनी हे मान्य केले. गोळ्या बंद केल्याचे सांगायचे का, यावर मतभेद झाला. साहेबांनीच ‘सांगायचे’ असा आग्रह धरला, कारण त्या सभांना मंडळीतली आणखी चार-पाच कुटुंबे गेली होती आणि त्यांत मधुमेहाचे रुग्ण होते.

काय केले

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी साहेब खुर्चीवर बसून बोलले. फार तर चार मिनिटे. आजाराचे नाव, हाताचा कंप, हसू न उमटणारा चेहरा. “माझा चेहरा रागावलेला दिसतो, मी रागावलेलो नसतो. मुलांनो, हे तुमच्यासाठी.” मग गोळ्यांची गोष्ट. शेवटी ते म्हणाले की काटा निघावा म्हणून आपण तीनदा नाही, तीनशे वेळा मागितले आहे आणि पुढेही मागणार आहोत. आजाराची वैद्यकीय माहिती बाईंनी एका कागदावरून वाचली. चर्चमध्ये शांतता होती, तरी मागच्या बाकावरच्यांना पुढे सरकून ऐकावे लागले, आणि ते सरकले.

त्यानंतरची व्यवस्था अगदी घरगुती होती. गोळीचा अंमल सकाळी ज्या वेळी सर्वांत चांगला असतो ती वेळ साधावी म्हणून उपासना साडेनऊऐवजी दहाला सुरू झाली. अंडी, दूध, डाळ अशा प्रथिनयुक्त पदार्थांमुळे गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून रविवारी घरभेटीत साहेबांपुढे आम्लेट ठेवायचे नाही, असा फतवा महिला संघाने काढला. आणि पाहुणचारावर बंदी घालणारी ही मंडळीच्या इतिहासातली बहुधा पहिलीच सूचना असेल. प्रभुभोजनाचे शब्द साहेब बसून उच्चारू लागले आणि तबके दोन वडीलजन धरू लागले. त्यांतले एक सेक्रेटरी. उपदेश महिन्यातून दोनदा साहेबांचा, आठ-दहा मिनिटांचा. उरलेले रविवार वडीलजनांनी आणि प्रथमच दोन स्त्रियांनी वाटून घेतले. वाणीउपचाराच्या सरावात रुग्णाला आपण ओरडतो आहोत असे वाटेल इतक्या मोठ्याने बोलायला शिकवतात. तो सराव रोज संध्याकाळी तरुण संघातली दोन मुले चर्चमध्ये करून घेत. साहेब स्तोत्रे मोठ्याने म्हणत आणि मुले शेवटच्या बाकावर बसून ऐकू आले की हात वर करत.

खिन्नतेवर वेगळे औषध सुरू झाले. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथल्या बैठकीला दोघे एकदा जाऊन आले. आपल्यासारखाच चेहरा असलेली वीस माणसे एका खोलीत पाहून साहेबांना कित्येक महिन्यांनी हसू आले. आतून आले, बाहेर उमटले नाही, असे ते स्वतःच सांगतात.

निष्पत्ती

निष्पत्ती संमिश्र आहे. सहा कुटुंबे मंडळी सोडून गेली. पाळकच बरे होत नसतील तर इथे सामर्थ्य नाही, असे त्यांतल्या एकाने उघड सांगितले. दोन कुटुंबे वर्षभरात परतली. दानपेटी पहिले सहा महिने रोडावली. धर्मप्रांताने अर्धवेळ कामाला आणि मदतनिसाला मान्यता दिली, पण दर वर्षी नव्याने अर्ज करण्याच्या अटीवर; घराचा प्रश्न सुटायला आणखी पावणेदोन वर्षे लागली आणि तोवर बाईंनी नोकरीच्या गावी भाड्याची खोली पाहून ठेवली होती. मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. पुढे दुसरीकडे झाले, पण मोडले हे खरे.

आजार पुढे सरकला आहे. साहेब आता काठी घेऊन चालतात, दारातून वळताना त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात, आणि गोळीचा अंमल ओसरण्याच्या वेळा जवळ येत चालल्या आहेत. कीर्तन संपले. उभ्याने अडीच तास आख्यान लावणारा कीर्तनकार नगर जिल्ह्याने गमावला, आणि त्याची भरपाई झाली आहे असे मला म्हणवत नाही.

जे वाढले ते मोजायला अवघड आहे. सांगितल्यानंतरच्या वर्षात सात माणसे साहेबांकडे स्वतःहून येऊन आपापली दुखणी बोलली: एकाला दारूचे व्यसन, एका तरुणीला आत्महत्येचे विचार, एका वडिलांना मुलाच्या मतिमंदत्वाची वाटणारी लाज. यांतले कोणीही आधीच्या आवाजदार पाळकाकडे आले नव्हते. त्याचे कारण मी त्यांतल्या एकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “आधी साहेबांपुढे बसलं की आपण नीट विश्वास ठेवत नाही असं वाटायचं.” पौल करिंथकरांना लिहितो की शरीराचे जे अवयव अधिक अशक्त वाटतात तेच आवश्यक आहेत. त्या मंडळीत हे वचन उपदेशात अनेकदा येऊन गेले होते. आता ते तबक धरणाऱ्या दोन माणसांच्या हातांत होते.

साहेब स्वतः मात्र ‘आशीर्वाद’ हा शब्द आजाराला लावू देत नाहीत. आजार काटा आहे, काट्याला पौलाने ‘सैतानाचा दूत’ म्हटले आहे, फूल म्हटलेले नाही, यावर ते ठाम आहेत. कृपा काट्याच्या आत नसते, काटा असतानाही ती येते, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या काही रात्री आजही अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रासारख्या असतात; ते स्तोत्र अंधारावरच संपते आणि पवित्र शास्त्रात त्याला तसेच राहू दिले आहे.

वेगळे काय करता आले असते

निदानाच्या दिवशीच सगळ्या मंडळीला सांगायला हवे होते असे मी म्हणणार नाही. पण एका माणसाला, म्हणजे सेक्रेटरींना किंवा आजींना, पहिल्याच महिन्यात सांगता आले असते. दीड वर्षाचे गुपित दोन माणसांच्या जिवावर ठेवणे हा या प्रकरणातला सर्वांत महाग निर्णय ठरला. मंडळीच्या बाजूनेही तेवढीच चूक झाली. पेले किणकिणले त्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर एकाने जरी “साहेब, हाताला काय होतंय?” असे विचारले असते, तरी दारूची अफवा जन्मली नसती. न विचारण्याला आपण सभ्यपणा समजतो.

नाताळ जाऊ द्या हा माझा सल्ला मी आज देणार नाही. सणाच्या गर्दीत सांगू नये हे बरोबर. पण चार-पाच माणसांना आधी सांगण्यासाठी सण आडवा येत नव्हता. डॉक्टरांशी बोलून गोळ्यांचे महत्त्व मी स्वतः समजून घेतले असते, तर आरोग्यसभेची शक्यताही मी आधीच बोलून दाखवली असती. आता दीर्घ आजाराच्या पाळकाशी पहिल्याच भेटीत मी विचारतो, “औषध सोडावं असं कोणी सुचवलं आहे का?” उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असते.

धर्मप्रांतांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. राहते घर पदाला बांधलेले असेल तर पाळक आजार लपवणारच. दुर्बलतेतल्या कृपेवर उपदेश करणाऱ्या संस्थेने घर खाली करण्याची मुदत किती आणि अर्धवेळ कामाचे नियम काय, हे आधीच लेखी ठेवले असते, तर त्या एस.टी.तला निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

मागच्या भेटीत मी बाप्तिस्म्याचे रजिस्टर पुन्हा पाहिले. नोंदी आता सेक्रेटरींची मुलगी ठळक, गोल अक्षरात करते. प्रत्येक नोंदीखाली साहेबांची सही आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यांनी भिंग माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “बघा, वाचता येते.”